शुगर असताना हेल्थ इन्शुरन्स: फॉर्म भरण्यापासून क्लेम मिळेपर्यंत, इंदूरच्या मराठी घरांसाठी

शुगर निघाली की आता इन्शुरन्स विसरा, असं आपल्याकडे अजून सर्रास सांगतात, आणि ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांना वाटतं की महिन्याच्या गोळ्या, इन्सुलिन, लॅबची बिलं सगळं कंपनी भरेल. दोन्ही चुकीचं आहे. पॉलिसी मिळते, थोडी महाग मिळते पण मिळते, आणि ती गोळ्यांसाठी घ्यायचीच नसते. डायबिटीज दहा-पंधरा वर्षांनी पाय, किडनी, डोळे, हृदय यांचं जे करू शकतो त्या खर्चासाठी ती घ्यायची असते.

मी इथल्या एका खासगी हॉस्पिटलच्या टीपीए (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम हाताळणारी मधली एजन्सी) डेस्कवर काम करते, म्हणजे पेशंट आणि इन्शुरन्स कंपनी यांच्यामधली कॅशलेसची (कंपनी बिल थेट हॉस्पिटलला देते त्याची) सगळी कागदं आमच्या टेबलावरून जातात. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर इथली मराठी मंडळी बरीच येतात, ओळखीचे निघतात, आणि बहुतेकांचा प्रश्न तोच असतो की पॉलिसी आहे मग पैसे का नाही देत. क्लेम अडकणार की सुटणार हे बहुतेक वेळा प्रपोजल फॉर्म (पॉलिसी मागतानाचा अर्ज) भरला त्याच दिवशी ठरून गेलेलं असतं, ॲडमिट झाल्यावर फक्त ते बाहेर येतं. म्हणून सुरुवात तिथून, खरं तर त्याच्याही आधीपासून करूया.

आधी फाइल

पॉलिसी बघायच्या आधी एक फाइल बनवा. त्यात सगळ्यात वर एक साधा कागद: डायबिटीज कधी निदान झाला त्याचा महिना आणि वर्ष, कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता कुठल्या गोळ्या किती पॉवरच्या चालू आहेत, इन्सुलिन असेल तर कधीपासून, बीपी किंवा थायरॉइड असेल तर तेही. त्याच्याखाली पहिलं प्रिस्क्रिप्शन किंवा पहिला रिपोर्ट (सापडला तर सोन्याहून पिवळं), मग एचबीए१सीचे (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) रिपोर्ट तारखेप्रमाणे, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन, ईसीजी, आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी.

या वरच्या कागदावर मी एवढा जोर का देते ते सांगते. रात्री दोन वाजता पेशंट इमर्जन्सीत येतो, ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो शुगर कधीपासून आहे, सोबत आलेला मुलगा किंवा जावई घाबरलेला असतो, तो म्हणतो झाली असतील दहा-बारा वर्षं. डॉक्टर लिहितो बारा वर्षं. तेच पुढे प्री-ऑथच्या (कॅशलेसच्या आगाऊ मंजुरीच्या) फॉर्मवर जातं, तेच डिस्चार्ज समरीत छापलं जातं, आणि प्रपोजल फॉर्ममध्ये जर आठ वर्षं लिहिलेली असतील तर कंपनीकडून क्वेरी येते की निदानाची नक्की तारीख कागदासकट द्या. मग जुनी प्रिस्क्रिप्शनं शोधत घरचे लोक धावतात आणि पेशंट डिस्चार्जसाठी बसून राहतो. घरातल्या सगळ्यांना खरी तारीख माहीत पाहिजे, आणि ॲडमिट करताना तो कागदच डॉक्टरांच्या हातात द्या, तोंडी सांगू नका. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर तिथल्या तिथे, डिस्चार्जच्या आधी, कागद दाखवून दुरुस्त करून घ्या. नंतर दुरुस्त केलेलं कंपनी संशयाने बघते.

कुठली पॉलिसी बघायची

१ एप्रिल २०२४ पासून नियम बदललेत आणि ते आपल्या फायद्याचे आहेत. आधीपासून असलेल्या आजाराला, ज्याला सगळे पीईडी म्हणतात, कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने वेटिंग (म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम नाही) लावू शकते, आधी ४८ होतं. आणि वयाची वरची मर्यादा दाखवून सगळीच दारं बंद करायची सोय राहिली नाही, सगळ्या वयाच्या लोकांसाठी प्रॉडक्ट ठेवावं लागतं. पण याचा अर्थ प्रत्येक कंपनीने प्रत्येकाला घ्यायलाच पाहिजे असा नाही, अंडररायटिंग आहेच. एचबीए१सी किती, किती वर्षं झाली, इन्सुलिन आहे का, किडनीवर काही दिसतंय का, हे बघून एक कंपनी नाही म्हणेल, दुसरी प्रीमियमवर लोडिंग, म्हणजे जादा रक्कम, लावून घेईल. एका नकाराने बसून जाऊ नका. फक्त पुढच्या फॉर्ममध्ये "आधी कुणी नाकारलंय का" असा कॉलम असेल तर तिथे खरं लिहा.

ढोबळ चार रस्ते आहेत. साधी पॉलिसी, तीन वर्षं वेटिंगसकट. साधी पॉलिसी पण जास्तीचे पैसे भरून वेटिंग कमी करणाऱ्या रायडरसकट (रायडर म्हणजे पॉलिसीला जोडायचं वेगळं कव्हर). डायबिटीस असलेल्यांसाठीच बनवलेली पॉलिसी, जशी स्टार हेल्थची डायबिटीज सेफ आहे. आणि आरोग्य संजीवनी, जी सगळ्या कंपन्यांकडे साधारण एकाच अटींवर मिळते. माझं मत विचाराल तर वय पन्नाशीच्या आत आहे, शुगर कंट्रोलमध्ये आहे, तर साधी चांगली पॉलिसी आणि वेटिंग कमी करणारा रायडर बरा पडतो कारण पुढे ती आयुष्यभर चालवायची असते. साठीच्या पुढे, इन्सुलिनवर असाल, तीन वर्षं थांबण्याइतका वेळ नाही असं डॉक्टरांनाच वाटत असेल, तर पहिल्या दिवसापासून किंवा ३१व्या दिवसापासून डायबिटीज कव्हर करणारी बघा, प्रीमियम जास्त असला तरी.

रूम रेंटची मर्यादा मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच कापले जातात आणि लोकांना शेवटपर्यंत कळत नाही का कापले. आरोग्य संजीवनीचंच उदाहरण घ्या. रूमला सम इन्शुअर्डच्या (पॉलिसीच्या एकूण कव्हरच्या) २% आणि वर ५,००० रुपये रोजची मर्यादा, आयसीयूला ५% आणि वर १०,००० ची, शिवाय ५% को-पे, म्हणजे बिलाचा ठरलेला हिस्सा तुमचा. समजा तुम्ही ८,००० ची रूम घेतली. लोकांना वाटतं रोजचे ३,००० आपण भरू, संपलं. तसं होत नाही. डॉक्टरची फी, नर्सिंग, ओटी चार्ज हे सगळं रूमच्या दर्जाप्रमाणे वाढतं, म्हणून कंपनी त्या सगळ्यावरही पाच-अष्टमांश एवढंच देते. हे चार्ज ८०,००० झाले असतील तर ५०,००० मंजूर, ३०,००० तुमच्या खिशातून, रूमचा फरक आणि को-पे वेगळे. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांच्यावर असा प्रमाणातला कट लावता येत नाही, हे लक्षात ठेवा आणि बिलात लावलेला दिसला तर विचारा. रूमची मर्यादा नसलेली पॉलिसी परवडत असेल तर तीच घ्या, नसेल तर ॲडमिट होताना मर्यादेत बसणारी रूम मागून घ्या, लाजायचं काय त्यात.

पॉलिसीतल्या सब-लिमिट (एकेका इलाजाला लावलेली वेगळी मर्यादा) डायबिटीसच्या नजरेने वाचा: डायलिसिस, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं, मोतीबिंदू. आरोग्य संजीवनीत मोतीबिंदूला एका डोळ्यासाठी सम इन्शुअर्डच्या २५% किंवा ४०,००० यातलं जे कमी असेल ते मिळतं. डायबिटीसवाल्यांना मोतीबिंदू लवकर येतो, आणि त्याला बहुतेक पॉलिसीत वेगळं दोन वर्षांचं वेटिंग असतं, शुगर असो वा नसो.

आता एक खास आपल्या इंदूरवाल्यांसाठी. मोठं काही निघालं की आपण मुंबईला, पुण्याला, नाहीतर अहमदाबादला जातो, कुणी ना कुणी नातेवाईक तिथे असतोच. काही पॉलिसींचा प्रीमियम झोनप्रमाणे असतो, इंदूरच्या पत्त्यावर स्वस्त पडतो, आणि मग मोठ्या शहराच्या झोनमध्ये इलाज घेतला तर को-पे लागतो. घेतानाच विचारा, आणि लेखी, की मुंबईत ॲडमिट झालो तर काही कट लागेल का.

मुलाच्या कंपनीची पॉलिसी

आपल्या घरांत हे चित्र फार आहे: आई-बाबा इंदूरला, मुलगा किंवा मुलगी पुण्यात किंवा बंगळुरात आयटीत, आणि आई-बाबा त्यांच्या ग्रुप पॉलिसीत. ग्रुप पॉलिसी चांगली असते, बहुतेक वेळा पीईडीला वेटिंग नसतं, पहिल्या दिवसापासून शुगर कव्हर. पण ती नोकरीच्या जिवावर असते. नोकरी सुटली, किंवा कंपनीने पुढच्या वर्षी आई-वडिलांचं कव्हर काढून टाकलं, की सत्तरीला नवीन पॉलिसी शोधायची वेळ येते. म्हणून ग्रुप चालू असतानाच आई-बाबांची स्वतःची, लहान का होईना, पॉलिसी काढून ठेवा. तिचं वेटिंग ग्रुपच्या सावलीत आपोआप संपतं. आणि ग्रुप सोडावीच लागली तर त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेट करायचा हक्क विचारा, त्यात ग्रुपमध्ये काढलेल्या वर्षांचं क्रेडिट मिळतं.

आणि मुलांनो, तुम्ही तिकडून ऑनलाइन आई-बाबांचा फॉर्म भरता ना, तर आधी आईला फोन करून सगळं विचारा. आईची शुगर, बाबांची जुनी अँजिओग्राफी, हे तुम्हाला माहीत नसतं कारण त्यांनी तुम्हाला काळजी नको म्हणून सांगितलेलंच नसतं. हे मी टेबलावर इतक्यांदा पाहिलंय की कळकळीने सांगतेय.

फॉर्म, म्हणजे खरी परीक्षा

एजंट बहुतेक ओळखीचाच असतो, गणपती मंडळातला, शाळेतला, आणि तो प्रेमानेच म्हणतो की शुगर लिहू नका, उगीच प्रीमियम वाढेल, मी बघून घेईन. ऐकू नका. क्लेमच्या वेळी तो काही बघू शकत नाही, त्याच्या हातात काही नसतं, सही तुमची असते. मागच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचं निदान झालं किंवा ज्याच्यासाठी डॉक्टरचा सल्ला अथवा इलाज घेतला तो पीईडी, आणि रोज गोळी घेणारा माणूस त्यात येणारच येणार, मग निदान वीस वर्षांपूर्वीचं का असेना.

लपवल्यावर होतं काय? समजा डेंग्यू झाला, पावसाळ्यानंतर इथे होतोच. डेंग्यूचा आणि शुगरचा काही संबंध नाही. शुगर सांगितलेली असेल तर वेटिंग चालू असतानाही डेंग्यूचा क्लेम मिळायला पाहिजे. पण लपवलेली असेल तर कंपनी म्हणते तुम्ही महत्त्वाची माहिती दडवली, आणि क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, सगळे हप्ते भरूनसुद्धा.

पाच वर्षं काढली की मग कुणी विचारत नाही असंही सांगणारे आहेत. त्यांच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फक्त फसवणूक सिद्ध झाली तर वेगळं. पण हा नियम साध्या चुकभुलीपासून ग्राहकाला वाचवायला आहे, त्याच्या भरवशावर घरातल्या शुगरच्या माणसाला पाच वर्षं उघड्यावर ठेवू नका. खरं सांगितलं असतं तर तीन वर्षांत सगळं कव्हर झालं असतं.

फॉर्मनंतर कंपनीच्या डॉक्टरचा फोन येतो, हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि तो रेकॉर्ड होतो. आई-बाबा घाईत "सब ठीक है, कोई बीमारी नहीं" म्हणून मोकळे होतात. त्या वेळी फाइलमधला वरचा कागद समोर ठेवून उत्तरं द्यायची. मेडिकल टेस्ट सांगितल्या तर पळवाट शोधू नका, त्या करून घेतलेली पॉलिसी पुढे जास्त मजबूत असते कारण कंपनीने सगळं बघून घेतलेलं असतं.

पॉलिसी हातात आली की कपाटात टाकायची नाही, त्याच दिवशी उघडायची. तीन गोष्टी बघायच्या: तुमच्या नावासमोर पीईडी म्हणून डायबिटीज लिहिलाय का, वेटिंग किती महिन्यांचं लिहिलंय, आणि सोबत जोडलेल्या प्रपोजल फॉर्मच्या कॉपीत तुम्ही सांगितलेलंच छापलंय का. सोबत कस्टमर इन्फॉर्मेशन शीट असते, दोन-चार पानांची, सोप्या भाषेत, ती तर वाचाच. चूक दिसली तर लगेच कंपनीला ईमेल, एजंटला व्हॉट्सॲप करून चालत नाही. अटी पटल्या नाहीत तर ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते, थोडे पैसे कापून बाकी परत मिळतात.

आधीच लपवून घेतलेली असेल तर आता काय, असं बरेच जण हळू आवाजात विचारतात. कंपनीला लेखी कळवून टाका. लोडिंग लागेल, वेटिंग लागेल, कधी नकारही येईल, तरी आयसीयूच्या बाहेर उभं राहून कळण्यापेक्षा हे बरं.

आणि पॉलिसी घेतल्यानंतर शुगर निघाली असेल तर ती पीईडी नाहीच. पीईडीचं वेटिंग नाही, रिन्यूअलला त्या कारणाने नव्याने तपासणी नाही, रिन्यूअल नाकारता येत नाही. फक्त तो पहिला रिपोर्ट आणि पॉलिसी घेताना केलेले नॉर्मल रिपोर्ट जिवापाड जपा, तुमचा पुरावा तोच आहे. अशा लोकांनी सम इन्शुअर्ड वाढवायला मागितली तर मात्र वाढीव रकमेसाठी नव्याने अंडररायटिंग होतं, नवं वेटिंगही लागतं, म्हणून पुरेशी रक्कम पहिल्यांदाच घ्या, किंवा तब्येत चांगली असतानाच सुपर टॉप-अप (मूळ कव्हर संपल्यावर लागू होणारं जादा कव्हर) जोडून ठेवा.

वेटिंगच्या काळात

वेटिंगमध्ये डायबिटीज आणि त्याची थेट कॉम्प्लिकेशन कव्हर होत नाहीत, असा शब्द आहे, आणि सगळा वाद त्या "थेट" वर होतो. अपघात, अपेंडिक्स, डेंग्यू, हे कव्हर होतं (सुरुवातीचे ३० दिवस सोडून, अपघाताला तेही नाहीत). पायाची जखम चिघळली तर ते थेटच. हार्ट अटॅक आला तर कंपनी शुगरशी जोडायचा प्रयत्न करते, आणि तिथे तुमच्या डॉक्टरांच्या पत्राला वजन असतं. अटॅकची कारणं अनेक असतात, ते त्यांनी लिहून दिलं आणि आधीचा एचबीए१सी ताब्यात होता असे रिपोर्ट जोडले, तर लढायला जागा असते. म्हणून दर तीन-सहा महिन्यांनी टेस्ट करत राहा, तब्येतीसाठी तर आहेच, कागदासाठीही.

रिन्यूअल चुकवू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस असतो, त्यात भरलं तर झालेलं वेटिंग वाया जात नाही, पण मधल्या रिकाम्या दिवसांत ॲडमिट झालात तर वार्षिक हप्तेवाल्यांना सहसा क्लेम मिळत नाही. ग्रेसही गेला तर सगळं पहिल्यापासून. बँकेत ऑटो-डेबिट लावून ठेवा.

कंपनीवर नाराज असाल तर पोर्ट करा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्या, रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज टाकून. झालेलं वेटिंग जुन्या सम इन्शुअर्डपुरतं सोबत येतं. पण नवी कंपनी शुगर बघून नाही म्हणू शकते, म्हणून नवीन मंजुरी हातात येईपर्यंत जुनी सोडायची नाही.

प्रीमियमबद्दल दोन चांगल्या गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर हेल्थ पॉलिसीवरचा १८% जीएसटी गेला, ग्रुपवर मात्र आहे. आणि ज्येष्ठ नागरिकांचा प्रीमियम वर्षात १०% पेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयला (इन्शुरन्सच्या सरकारी नियामकाला) विचारावं लागतं, हे जानेवारी २०२५ पासून. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर हेल्थ इन्शुरन्सच्या हप्त्यावर स्वतःसाठी २५,००० आणि ज्येष्ठ आई-वडिलांसाठी ५०,००० पर्यंत वजावट मिळते.

रोजचा खर्च: ओपीडी घ्यावी का

समजा महिन्याला गोळ्या-स्ट्रिप मिळून २,००० जातात, वर्षाचे २४,०००. ओपीडी (ॲडमिट न होता होणाऱ्या खर्चाचा) रायडर १०,००० चं कव्हर देतो आणि त्याच्यासाठी सहा-सात हजार जास्त घेतो, वर औषधं ठराविक ॲपवरूनच घ्या म्हणतो. मला यात फार दम वाटत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातली जेनेरिक घ्या, आणि बाकीचे पैसे सम इन्शुअर्ड वाढवण्यात घाला. अपवाद म्हणजे ज्या प्लॅनमध्ये एचबीए१सी, डॉक्टर कन्सल्टेशन, वार्षिक तपासणी आतच दिलेली असते, ती पूर्ण वापरा, लोक पैसे भरून विसरून जातात.

ॲडमिट व्हायची वेळ

ठरवून ॲडमिट होणार असाल तर निदान ४८ तास आधी कॅशलेसचे कागद टाका. इमर्जन्सी असेल तर २४ तासांत कळवा. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं असतं आणि डिस्चार्जच्या वेळी फायनल बिलावर तीन तासांत. तीन तासांच्या वर उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे, पेशंटने नाही. २०२४ च्या मे महिन्यातल्या सर्क्युलरमध्ये हे स्पष्ट आहे, डेस्कवर नम्रपणे आठवण करून द्या. हॉस्पिटल नेटवर्कमध्ये नसेल तरी "कॅशलेस एव्हरीव्हेअर" खाली विचारता येतं, ते जानेवारी २०२४ पासून सुरू आहे.

डायबिटीसवाल्यांचे काही क्लेम मला खास सांगायचेत, कारण त्यात तेच तेच अडतं.

शुगर ५०० झाली, घाबरून ॲडमिट केलं, दोन दिवस ठेवलं, तपासण्या केल्या, गोळ्या बदलल्या, घरी. असा क्लेम बऱ्याचदा नाकारला जातो, कारण फक्त तपासणी आणि निरीक्षणासाठीचं ॲडमिशन पॉलिसीत वगळलेलं असतं. खरंच शिरेतून इन्सुलिन चालू होतं, किटोन वाढले होते, सलाइन होतं, तासातासाला शुगर बघत होते, तर ते सगळं केस पेपरवर आणि डिस्चार्ज समरीत नीट आलं पाहिजे. ॲडमिट का करावं लागलं, हे घरी गोळीने का भागलं नसतं, ही एक ओळ डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पायाची जखम. हे प्रकरण एका ॲडमिशनमध्ये संपत नाही, साफ करायला दोन-तीनदा यावं लागतं, मग महिनोन्‌महिने ड्रेसिंग. डिस्चार्जनंतर साधारण ६० किंवा ९० दिवसांचा, काही पॉलिसीत त्याहून जास्त, खर्च पोस्ट-हॉस्पिटलायझेशनमध्ये मिळतो आणि ॲडमिशनच्या आधीच्या ३० किंवा ६० दिवसांचाही. ड्रेसिंगचं, अँटिबायोटिकचं प्रत्येक बिल पेशंटच्या नावाने, तारखेसकट, सोबत प्रिस्क्रिप्शन. दवा बाजारातून औषधं घेतली की लोक साध्या चिठ्ठीवर समाधान मानतात, तिथे पक्कं बिल मागा, नाहीतर ते पैसे गेले म्हणून समजा. आणि हा क्लेम वेगळा टाकावा लागतो, आपोआप येत नाही, मुदत पॉलिसीत बघा.

डायलिसिस आणि डोळ्यातली इंजेक्शनं यांना २४ तास ॲडमिट राहायची गरज नाही, ती डे-केअरमध्ये येतात. डायलिसिसला प्रत्येक वेळी नवीन मंजुरी काढण्याऐवजी महिन्याभराच्या सिटिंगची एकदम मागा, बरेच टीपीए देतात.

वजन फार जास्त असून शुगर कुठल्याच इलाजाने आटोक्यात येत नसेल तर बॅरिएट्रिक सर्जरीही कव्हर होऊ शकते, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ किंवा जास्त पाहिजे, डॉक्टरचा सल्ला पाहिजे, आणि पॉलिसीतलं वेटिंग संपलेलं पाहिजे. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

हातमोजे आणि असल्या वापरून टाकायच्या वस्तू न मिळणाऱ्या यादीत असतात, कन्झ्युमेबल रायडर असेल तर त्यातल्या बऱ्याच मिळतात. मोठ्या ॲडमिशनमध्ये ही रक्कम चांगलीच होते.

घरात ७० किंवा त्यापुढचं कुणी असेल तर सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढा, उत्पन्नाची अट नाही, घरातल्या अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज, जुने आजार पहिल्या दिवसापासून. खासगी पॉलिसी असली तरी हे मिळतं. एक वापरलं म्हणून दुसरं जात नाही.

क्लेम नाकारला तर

तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नका. कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कुठल्या कलमाखाली नाकारला तेही त्यात पाहिजे. कंपनीला असा नकार त्यांच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय देता येत नाही, म्हणून ती मंजुरी झाली का तेही विचारा. मग कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला ईमेल, सोबत फाइलमधले कागद आणि डॉक्टरांचं पत्र. बरेच क्लेम इथेच सुटतात, खास करून जिथे निदानाच्या तारखेचा घोळ असतो. सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, किंवा १५५२५५ वर फोन करा.

महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर इन्शुरन्स ओम्बड्समन, म्हणजे इन्शुरन्सच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. आपल्या मध्य प्रदेशासाठी हे ऑफिस भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, ऑनलाइन टाकता येते. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं, आणि तोच विषय ग्राहक न्यायालयात चालू असेल तर इथे घेत नाहीत. निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाचे ५,००० रुपये तुम्हाला वेगळे. अर्जात भावनेच्या भरात चार पानं लिहू नका, एक पान पुरे: पॉलिसी कधी घेतली, शुगर फॉर्ममध्ये कुठे लिहिली आहे, वेटिंग कधी संपलं, ॲडमिट कशासाठी झालात, कंपनीने कुठलं कलम लावलं आणि ते का लागू होत नाही. मागे प्रपोजल फॉर्मची कॉपी, पॉलिसी, डिस्चार्ज समरी, नकाराचं पत्र, ग्रीव्हन्सचा ईमेल आणि डॉक्टरांचं पत्र, याच क्रमाने, प्रत्येक पानावर नंबर टाकून.